मयुरीचा ताप

पाचोऱ्याच्या शिल्पाचा सहा वर्षांचा नवीन आणि पिंपळनेरच्या रुक्माबाईंची सात वर्षांची नात मयुरी, दोघांच्याही हृदयातलं छिद्र धुळ्यातल्या एकाच दवाखान्यात, एकाच दिवशी बुजवलं. आयसीयूतून दोघं शेजारशेजारच्या खाटांवर आले. तिथून पुढे मात्र मयुरी सुसाट निघाली.

तिसऱ्या दिवशी ती आजीचं बोट धरून वऱ्हांड्यात फिरून आली. श्वासाच्या व्यायामाची नळी तोंडात धरून यंत्रातले तिन्ही चेंडू वर उचलू लागली. नवीनला एकही चेंडू हलवेना. खाली उतर म्हटलं की छातीशी उशी धरून भिंतीकडे तोंड करायचा.

"नवीनराव, मयुरीताई बघा कशा चालतात!" डॉक्टर रोज म्हणायचे आणि शिल्पाच्या अंगाची लाही लाही व्हायची. फोनवर नवरा, जीवन, तोही तेच विचारी, "शेजारची चालली म्हणे? मग आपला का नाही?" जणू तिनेच पोराला धरून ठेवलं होतं. मयुरी दूधभाकरी चापून खायला लागली की शिल्पा मान फिरवून बसे.

सहाव्या दिवशी मयुरीला उद्या घरी सोडायचं ठरलं. रुक्माबाईंनी वॉर्डभर सांगितलं. शिल्पाला म्हणाल्या, "तुना पोऱ्या बी चालीन व माय, घाबरू नको." ते गोड बोलणंच तिला जास्त झोंबलं.

दुपारी त्या औषधं आणायला खाली गेल्या. जाताना शिल्पाला पोरीची वेणी घालायला सांगून गेल्या. केस सावरताना मयुरीच्या मानेला हात लागला आणि शिल्पा चमकली. मान तापली होती. छातीवरच्या पट्टीची कडही ओलसर दिसत होती.

"काकू, सांगू नका ना," मयुरी कुजबुजली. "सकाळपासून थंडी वाजतेय. कळलं तर उद्या घरी नेणार नाहीत."

शिल्पाला आधी काळजी वाटायला हवी होती. आधी वाटला तो आनंद. राहा आता तूही इथेच! ती अनवाणीच सिस्टरकडे धावली, आणि आपण कशासाठी धावतोय हे तिला पक्कं माहीत होतं.

जखमेत पू झाला होता. हाताला पुन्हा सलाईन लागलं, घरी जाणं लांबलं. "वेळेवर सांगितलंत," डॉक्टर म्हणाले. "तशीच घरी गेली असती तर जिवावर बेतलं असतं."

रुक्माबाईंनी शिल्पाचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. "तुनामुळे मनी पोर वाचनी, माय."

"अक्का, तसं नाही." शिल्पाच्याने राहवेना. "मला बरं वाटलं होतं. तिचं जाणं थांबेल म्हणून."

रुक्माबाईंनी हात सोडले. "पन सांगितलं ना तू?" एवढंच म्हणून त्या नातीच्या उशाशी जाऊन बसल्या.

"काकूंनीच सांगितलं!" मयुरी हुंदके देत होती. नवीन ते बघत होता. त्याने हळूच पाय खाली सोडले, उशी छातीशी आवळली आणि लटपटत तिच्या खाटेपाशी गेला.

"रडू नको. टाके दुखतात," तो म्हणाला.

शिल्पा त्याला सावरायला धावली. त्याने तिचा हात झटकला. तिचे डोळे भरून आले, पण त्यातही एक चिमटा बसलाच: सहा दिवस मी हातापाया पडले, माझ्यासाठी नाही उतरला!

चार दिवसांनी नवीनलाच आधी सुट्टी मिळाली. मयुरीचा ताप उतरला होता, पण इंजेक्शनं संपायची होती. नवीन टाटा करायला गेला तर तिने भिंतीकडे तोंड केलं.

"लहान शे, मनावर लेऊ नको," रुक्माबाई ओशाळून म्हणाल्या.

तो राग नव्हता. काय होतं, ते शिल्पाला चांगलं ठाऊक होतं; सहा दिवस तीही अशीच मान फिरवून बसली होती. जीवन न्यायला आला होता, खाली रिक्षा थांबली होती. तिने त्याला थोडं थांबायला सांगितलं आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवून तिथेच बसून राहिली.