खांबांआडचा उजेड

वहिनीने चौथी बॅग कड्यातून घातली आणि ती मधेच अडकली.

कडे जाड तारेचे होते. दादाने सांगितलेल्या मापावर चिमीने ते सकाळी घरीच वाकवले होते. जमिनीतल्या ज्या तोंडातून उद्या तिघांना खाली उतरायचे होते, बरोबर तेवढे. दुकानदार काउंटरवर कोपरे टेकून पाहत होता. कॅमेऱ्याच्या बॅगा त्याने आयुष्यभर विकल्या होत्या. पण गिऱ्हाईक घरून तारेचे कडे आणते आणि सर्कशीतल्या वाघासारखी एकेक बॅग त्यातून पार करायला लावते, हे तो प्रथमच पाहत होता.

"बाई, आमच्याकडची सगळ्यात चांगली बॅग आहे ही," तो म्हणाला. "पाणी लागत नाही, धक्का लागत नाही. आतले कप्पे तरी बघा."

"चांगलीच आहे हो, पण अंगाने भरलेली आहे." वहिनीने बॅग मागे ओढून काढली. "आमच्या ह्यांच्यासारखी. कप्पे पुष्कळ, पण दारातून आडवं होऊन यावं लागतं."

चिमी हसली नाही. ती फळीवरचे एकेक सामान उचलून बघत होती. फ्लॅशवर बसवायच्या पांढऱ्या टोप्या, कापडी पेट्या, मिटणाऱ्या छत्र्या. कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेल्या फ्लॅशचा प्रकाश मऊ करणाऱ्या या वस्तू तिच्या रोजच्या ओळखीच्या होत्या. ती कपबश्यांचे, चपलांचे, घड्याळांचे फोटो काढत असे. पांढरा कागद अंथरायचा, दोन्ही बाजूंनी कापडी पेटीतून उजेड सोडायचा आणि सावली कुठे पडू द्यायची नाही, एवढीच तिची विद्या होती आणि त्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. उद्याचे काम मात्र कपबशीचे नव्हते.

दादा पाणी खात्यात इंजिनिअर होता. शहराच्या मधोमध जमिनीखाली एक जुनी टाकी होती. ती वापरातून कधीच गेलेली. वरच्या मोकळ्या जागेत आता गाड्या उभ्या करायच्या होत्या आणि त्यासाठी टाकी दगडमातीने भरून टाकायची होती. बुजवण्याआधी आत आहे तरी काय ते दाखवा, असे महापालिकेच्या समितीने म्हटले. खात्यातल्या कोणीतरी मोबाइलवर काढलेला फोटो पाहून अध्यक्षांनी विचारले होते, "हे दार आहे का?" तो एक खांब होता. बाकी सगळा काळोख. गुरुवारी शेवटची बैठक होती. दाखवण्याजोगे काही हाती आले तर समिती विचार करणार होती. नाहीतर सोमवारपासून ट्रक. फोटोसाठी खाली उतरण्याची परवानगी एकदाच होती.

"तुला म्हणून काम देतोय," दादा जेवताना म्हणाला होता. "पण फार आशा धरू नकोस. मी कितीदा उतरलोय. खांब आहेत, पाणी आहे आणि एक घूस आहे. मीही बुजवावी असंच लिहून देणार आहे."

"घुशीचं मत घेतलंत का?" वहिनीने विचारले होते.

चिमीने मोठी कापडी पेटी कड्यापाशी धरली आणि परत फळीवर ठेवली. छत्री मात्र मिटल्यावर सळकन गेली. मग तिला कोपऱ्यात उभी असलेली एक लांबट, सडपातळ पिशवी दिसली. मुळात ती कॅमेऱ्याच्या तिवईसाठी होती. कप्पे नाहीत, फुगवटा नाही. तिने ती ओढली तेव्हा सुईत दोरा ओवल्यासारखी ती कड्यातून पार झाली.

"तिच्यात फ्लॅश एकमेकांवर आपटतील," दुकानदार म्हणाला.

"त्यांना मोज्यांत घालू," वहिनी म्हणाली. "घरात एकेकटे मोजे ढिगाने आहेत."

दुकानदाराने पिशवीवरची धूळ झटकली. "तुम्हाला नक्की काढायचं काय आहे?"

"सांगता येत नाही," चिमी म्हणाली. "अजून ते कोणी पाहिलेलं नाही."

त्याने मिटलेली छत्री काउंटरवर ठेवली. "मग छत्री घ्याच. मऊ उजेडात काहीही बरं दिसतं."

दुसऱ्या दिवशी दादा आधी उतरला. हवा मोजणारे छोटे यंत्र त्याने छातीवर अडकवले होते. त्याचा दिवा हिरवा असेपर्यंत थांबायचे, पिवळा झाला की निमूट वर. तोंडातून खांदे आत जाईनात तेव्हा त्याने श्वास रोखून धरला.

"अहो, श्वास सोडा, धरू नका," वहिनी वरून म्हणाली. "फुग्यात हवा भरून बाटलीत घालताय."

तो गेला. मागोमाग वहिनी, दोरीने सोडलेली पिशवी आणि शेवटी चिमी. लोखंडी शिडी संपली तिथे गुडघाभर पाणी होते. गमबुटांतूनही त्याचा गारवा पायांना कळला. वरचे तोंड बशीएवढे राहिले होते. दादाने बॅटरी फिरवली. उजेड एका खांबावर गेला, भाजलेल्या विटांचा लालसर रंग दिसला, उजेड पुढे सरकला आणि तो खांब नाहीसा झाला. दुसरा आला, तोही गेला. जणू टाकीत एकच खांब होता आणि तो जागा बदलत होता.

चिमीने शिडीजवळ तिवई रोवली, कॅमेरा चढवला आणि वहिनीच्या हातात फ्लॅश लावलेली छत्री दिली.

"जमिनीखाली छत्री," वहिनी म्हणाली. "माझ्या आईला सांगितलं तर म्हणेल, पोरीला सासरी कामं तरी काय काय लावतात."

फ्लॅश उडाला. चिमीने कॅमेऱ्याच्या मागचा पडदा पाहिला. पुढचा खांब पांढराफटक, त्याच्या मागे काळोख. तिने छत्री उंच धरायला सांगितली, मग डावीकडे, मग मागे. खांब थोडा मऊ झाला, इतकेच. हे दार आहे का, असे कोणीही विचारले असते.

"पहिला खांबच सगळा उजेड खातो," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात टोचणी नव्हती. "तुझा दोष नाही गं, चिमे. ही जागाच तशी आहे."

यंत्राचा दिवा हिरवा होता. चिमी पाण्यात तशीच उभी राहिली. मग तिने वहिनीच्या हातून छत्री घेतली, मिटली आणि पिशवीत सरकवली. फ्लॅशवरची पांढरी टोपी उपटली. मोज्यांतून दुसरे दोन फ्लॅश काढून त्यांच्याही टोप्या काढल्या. उघडे फ्लॅश हातात घेताना तिला संकोचल्यासारखे झाले. असा उजेड तिने कपबशीवरसुद्धा कधी सोडला नव्हता.

"अगं बाई, टोप्या कशाला काढता?" वहिनी म्हणाली. "दुकानदार म्हणाला होता ना, मऊ उजेडात..."

"दुकानदार इथे उतरला नव्हता. वहिनी, हा त्या खांबाच्या पाठीला बांध. मला दिसता कामा नये. तोंड माझ्याकडे नको, पलीकडे, वरती. दुसरा त्याच्याही पुढे. तिसरा तुला जाववेल तिथवर."

"खांबांच्या मागे?" दादाने विचारले. "मग खांब काळे नाही येणार?"

"येऊ देत काळे."

वहिनी बॅटरी घेऊन निघाली. पाणी तिच्या पायांभोवती डुचमळत राहिले. तिचा उजेड लहान होत गेला, आवाज मात्र विचित्र रीतीने जवळच राहिला.

"वन्सं, मी हरवले तर तुमच्या दादाला दुसरी बघा. पण स्वयंपाक येणारी बघा, माझ्यासारखी नको."

"आधी दिवा बांध," दादा म्हणाला.

"बांधते हो. इथे तर अजून आहेच. संपतच नाही ही जागा. बांधला."

"आता तिथेच थांब," चिमीने सांगितले. "पाणी हलू देऊ नकोस. दोघंही बॅटऱ्या विझवा."

काळोख झाला. वरची बशी आणि दादाच्या छातीवरचा हिरवा ठिपका सोडला, तर डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे पापणीला बोट लावल्याशिवाय कळेना. पाण्याची चुळबुळ हळूहळू थांबली. चिमीने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बटण दाबले.

खट् असा आवाज झाला. तिला काहीच दिसले नाही.

दूर कुठेतरी एक थेंब पडला. शिडीच्या पहिल्या पायरीपासून जिची जीभ टाळूला लागली नव्हती, ती वहिनीसुद्धा गप्प होती.

"वहिनी? उडाले का तिन्ही?"

तिने हिरव्या ठिपक्याकडे मान वळवली.

"दादा?"

"हं," दादा म्हणाला, आणि पुढचे बोलणे विसरल्यासारखा थांबला.

चिमीने पडदा पाहिला. काडेपेटीएवढ्या चौकटीत कमानी उभ्या होत्या. कमानींच्या आत कमानी आणि त्यांच्याही आत कमानी, लहान लहान होत गेलेल्या. खांबांच्या कडा काळ्या, आणि प्रत्येकाच्या आडून उजेड येत होता. खाली पाण्यात तेच सगळे उलटे, इतके निश्चल की विटा कुठे संपल्या आणि पाणी कुठे सुरू झाले ते सांगता येऊ नये.

"फोटो आला," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"अगं, तू पाहिलंस का?" वहिनीने लांबून विचारले. वन्सं म्हणायचे ती विसरली होती.

"फोटोत पाहिलं. बटण दाबलं की कॅमेऱ्यातला आरसा वर उचलला जातो. ऐन वेळी डोळ्यापुढे काळोख येतो. काढणाऱ्याला ते दिसत नसतं."

"म्हणजे इतकी वर्षं तू..."

"कपबश्या होत्या, वहिनी. त्या काही कुठे जात नव्हत्या."

"मग आता कॅमेरा सोड," वहिनी म्हणाली. "एकदा नुसतं बघ."

फोटो झाला होता. दुसऱ्या फोटोची गरज नव्हती. चिमीने फ्लॅश उडवणारी डबी कॅमेऱ्यावरून काढून तळहातात घेतली. ती दोन पावले पुढे गेली, पाणी शांत होईपर्यंत थांबली, आणि अंगठा दाबला.

उजेड आला आणि गेला. मधल्या त्या निमिषात ती कोठे उभी आहे हे तिला कळले. चारी दिशांना कमानी, डोक्यावर कमानी, पायांखाली कमानी, आणि त्यांच्या मधोमध आपण, धान्याच्या कोठारातल्या दाण्याएवढे. काळोख परत आला तरी ते सगळे डोळ्यांत हिरवट होऊन टिकून राहिले. ती पापणी लवू देईना. कानामागून मानेवर काटा सरकत गेला. दोन्ही हात आपसूक जवळ आले आणि मधे ती डबी राहिली.

"हे सगळं पाण्याने भरलेलं असायचं," दादा अंधारात म्हणाला. "पार कमानीपर्यंत. बांधतानाच ठाऊक होतं त्यांना, की एकदा पाणी आत सोडलं की संपलं. कोणाला दिसायचं नाही."

"मग एवढ्या निगुतीनं कोणासाठी केलं?" वहिनीने विचारले.

दादाच्या छातीवरचा हिरवा ठिपका वर-खाली होत होता.

"चिमे," तो थोड्या वेळाने म्हणाला, "पुन्हा एकदा."

"थांब. सेल दमलेत. भरू देत."

तिन्ही फ्लॅश भरू लागले. तीन बाजूंनी तीन बारीक सूर येत होते, डास गुणगुणावा तसे, आणि हळूहळू चढत होते. त्या आवाजांच्या मधेच दादा बोलू लागला. बहिणीशी नव्हे, बायकोशी नव्हे, घरी जेवणानंतर हिशेब जुळत नसला की पुटपुटायचा तसा.

"या तोंडातून नाही जमायचं. पूर्वेची भिंत फोडावी लागेल. भिंत चांगली आहे, सोसेल. पायऱ्या दगडी नकोत, घसरतील. म्हाताऱ्या माणसाला उतरायचं म्हटलं तर पायरी केवढी ठेवावी?"

"वीतभराहून कमी," वहिनी लांबून म्हणाली. "आणि दोघं हात धरून उतरतील एवढी रुंद."

"कठडा?"

"दोन्ही बाजूंनी."

सूर एकामागून एक थांबले. तिन्ही फ्लॅश तयार होते. चिमीचा अंगठा बटणावर होता. पण दादा अजून बोलत होता, खाली पोचल्यावर माणसांनी उभे कुठे राहायचे ते ठरवत होता, म्हणून तिने बटण दाबले नाही.