दर दाराशी थांबणारी घोडी

सकाळी सहा वाजता सैनिकांनी पूल बंद केला. सातला ठिणगी दुधाची गाडी घेऊन नदीकडे निघाली. आई तापाने फणफणली होती, म्हणून आज घोडीचा लगाम लेकीच्या हाती. कॅनच्या मागे गवताखाली तिचा मामा होता. तो चोरून रेडिओवरून सैनिकांच्या वेढ्याबाहेर बातम्या पाठवायचा. सापडला असता तर थेट भिंतीशी उभा करून गोळी घातली असती.

"मामा, शिंकलास तर बघ!"

"आधी तुझ्या तोंडाचा पट्टा आवर."

सगळा विचार झाला होता. नदीवर कोळी होडी घेऊन थांबणार होता. विचार राहून गेला होता फक्त घोडीचा. ती रोजच्या गिऱ्हाइकांच्या दाराशी आपणहून थांबायची आणि दूध घालून कॅनचं झाकण वाजल्याशिवाय पाऊल उचलायची नाही.

डॉक्टरांच्या फाटकाशी ती थांबली. डॉक्टर केव्हाच गाव सोडून गेले होते. तिथे आता सैनिकांची चौकी होती.

ठिणगीने लगाम हिसडला. घोडी ढिम्म. मिशाळ शिपाई बाहेर आला.

"काय गं, इथे कशाला थांबलीस?"

"मी कुठे थांबले? हिने थांबवलं. डॉक्टरांकडे रतीब होता."

"डॉक्टर गेले."

"मग ते तुम्हीच हिला समजावा. माझं ऐकत नाही."

शिपाई मिशीत हसला. "माझ्या घरी आहे अशीच एक हट्टी."

"घोडी?"

"मुलगी. तुझ्याएवढी." बोलता बोलता त्याने गवतावर हात टेकला. ठिणगीचा हात झाकणाकडे गेला आणि थांबला. नुसतं झाकण वाजवून निघावं, तर संशय येणार.

"काका, भांडं आणा. दूध घातल्याशिवाय ही संध्याकाळपर्यंत हलायची नाही."

तो पातेलं घेऊन आला. तिने काठोकाठ दूध ओतलं. झाकण खणकन वाजलं आणि घोडी शहाण्यासारखी चालू लागली.

नदीवर कोळ्याने मामाला होडीत घेतलं. होडी धुक्यात शिरली. थोड्या वेळाने पाण्यावरून गोळीबाराचा आवाज आला, मग काहीच नाही.

परतीच्या वाटेवर घोडी पुन्हा त्या फाटकाशी थांबली. शिपाई दिसला नाही. फाटकाच्या खांबावर पातेलं धुऊन पालथं घातलेलं होतं. ठिणगीने रिकाम्या कॅनचं झाकण वाजवलं.

दुसऱ्या दिवशी धुकं विरलं, तेव्हा होडी पलीकडच्या काठाला दिसली. रिकामी, पण खुंटाला नीट बांधलेली. मामाचा निरोप अजून आलेला नाही.