पलंगाखालचं स्टिअरिंग

"काकू, हे नाही बसणार," कॉम्प्युटरच्या दुकानातली काउंटरमागची मुलगी म्हणाली. पडद्यावर चित्रं उमटवणारं ते लांबलचक ग्राफिक्स कार्ड तिनं माझ्या कॅबिनेटच्या पोटात तिरकं धरून दाखवलं. "बघा, दीड इंच बाहेर राहतंय."

"जरा दाबून?"

"दाबून फार तर बॅग बंद होते. हे मोडेल."

मी पर्समधून टेप काढली. माझ्या पर्समध्ये एखाद्या वेळी घराची किल्ली नसेल, पण टेप आणि सुईदोरा असतोच. कार्ड साडेअकरा इंच भरलं. आतली जागा दहा. चूक कुणाची हे शोधायला लांब जायला नको होतं, कारण ते कॅबिनेट मीच आणलं होतं.

कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरची रिकामी पेटी. चार दिवसांपूर्वी दुसऱ्या एका दुकानात स्वस्तात दिसली. माझ्या कटिंगच्या टेबलाखाली ती कुठं ठेवायची हे डोक्यात पक्कं होतं, म्हणून उंची, रुंदी, खोली सगळं मोजून घेतलं. बाहेरून. आतून मोजायचं काही सुचलं नाही. अडतीस वर्षं शिवणकाम करणारी बाई मी. माझ्या हाताखालच्या मुलीनं असा घोळ घातला असता तर तिला आठवडाभर ऐकवलं असतं. आणि त्या दुकानात भिंतीवर ठळक पाटी होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"कुणासाठी करताय, काकू? नातवाला?"

"नवऱ्याला."

ती हसली. तिच्या चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली होती, हसताना तो नाकावरून घसरला. "अरे वा! काय खेळतात काका?"

"अजून काहीच नाही. बस चालवतील असं मला आपलं वाटतंय."

मग सगळं सांगावंच लागलं.

आमचे हे एकतीस वर्षं बस चालवत होते, त्यातली बावीस एकाच रस्त्यावर, एकाच कंडक्टरबरोबर. गेल्या वर्षी साखरेनं घात केला. डाव्या पायाची जखम चिघळली आणि डॉक्टरांनी पाय घोट्याच्या वरून काढला. आता कृत्रिम पाय आहे, काठी आहे, घरातल्या घरात फिरणं आहे. पण त्या पायानं क्लच दाबता येत नाही, म्हणजे नोकरी संपली. निरोपाच्या दिवशी डेपोतल्या मंडळींनी वर्गणी काढून एक मोठं खोकं भेट दिलं. त्यात कॉम्प्युटरला जोडायचं स्टिअरिंग होतं, आणि पायाशी ठेवायचे पेडल. ह्यांनी सगळ्यांचे आभार मानले, घरी आल्यावर खोकं न उघडता पलंगाखाली सरकवलं आणि म्हणाले, "पाय गेलाय माझा, अक्कल नाही गेली. आता काय खेळण्यातल्या गाड्या फिरवू?"

तेही एक वेळ ठीक होतं. पण आमच्या खिडकीखालून ह्यांचीच बस जाते, दर वीस मिनिटांनी. सुरुवातीला हे खिडकीशी बसून ऐकायचे. "गिअर उशिरा टाकला." "ब्रेक ओरडतोय, कुणी बघतं की नाही?" मला त्या कटकटीचा वैताग यायचा. मग एक दिवस ह्यांनी खुर्ची फिरवली आणि खिडकीला पाठ करून बसले. तेव्हापासून बस येते, जाते, आणि ह्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. जेवतात, औषधं घेतात, विचारलं तर हो-नाही म्हणतात. अडतीस वर्षांत मी ह्यांच्याशी पुष्कळ भांडले, पण भांडायला समोर माणूस तरी असायचा. आता मला भीती वाटायची की हे असेच हळूहळू खुर्चीतल्या खुर्चीत विरून जातील.

मुलीनं चष्मा वर सरकवला आणि माझ्यापुढचा सुट्या भागांचा कागद उचलला. "ही यादी कुणी दिली तुम्हाला?"

"भाच्यानं. फोनवर सांगितली, मी लिहून घेतली."

"त्यानं स्वतःच्या मनातला कॉम्प्युटर सांगितलाय. बस चालवायला एवढं लागत नाही." तिनं माझा कागद उलटा केला आणि पाठीमागे नवी यादी लिहायला घेतली. जास्तीचं विकायची आयती संधी होती, पण एकेक वस्तू ती कमीच करत गेली.

पुढचा तासभर मी शाळेत बसल्यासारखी बसले. भाच्यानं सांगितलेला प्रोसेसर भाच्यानंच सांगितलेल्या बोर्डवर बसत नव्हता. मला दोन्ही प्रोसेसर सारखेच दिसले. ती म्हणाली, आकार सारखा आहे, खालची बैठक वेगळी.

"म्हणजे घरच्या मशीनची सुई चपट्या दांड्याची आणि कारखान्यातल्या मशीनची गोल दांड्याची, तसं?"

"मला सुयांमधलं काही कळत नाही, काकू. पण बहुतेक तसंच."

रॅमची पट्टी तिनं हातात दिली आणि तिच्या कडेची खाच दाखवली. जुन्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, तेव्हा स्वस्त मिळते म्हणून जुनी घ्यायची नाही. वीज पुरवणारा डबा मी सगळ्यांत स्वस्तातला उचलला, तर तिनं तो माझ्या हातातून काढूनच घेतला. "इथं हात आखडायचा नाही. हा जळला तर बाकीच्यांना घेऊन जातो." तिनं दुसरा चांगला दिला. मी त्याच कंपनीचा एक नंबर मोठा मागितला.

"एवढा लागणार नाही हो तुम्हाला."

"आज नाही लागणार. मी कुठलाही कपडा शिवते तेव्हा आत माया, म्हणजे जादा कापड, सोडते, माणूस अंगानं भरलं तर उसवून मोठा करता येतो. उद्या ह्यांना मोठं कार्ड हवंसं वाटलं तर?"

"काका अजून एकदासुद्धा बसले नाहीयेत याच्यावर."

"म्हणून तर," मी म्हणाले.

राहिला प्रश्न कार्डाचा. दुकानात होती ती सगळी दोन-तीन पंख्यांची, लांब. मुलीनं दोन कपाटं उपसली, ओळखीच्या तीन दुकानांना फोन केले. प्रत्येकाला तेच, "एका पंख्याचं, आखूड, दहा इंचांच्या आत हवंय." तिसऱ्याकडे एक निघालं. ते येईपर्यंत तिनं बाकीचं जोडायला घेतलं. तिचं जॅकेट खुर्चीवर टाकलेलं होतं, त्याचा खिसा एका बाजूनं लोंबत होता. मला उसवलेलं बघवत नाही. मी सुईदोरा काढला आणि तिला न विचारता खिसा शिवून टाकला, आणि शिवता शिवता तिच्या हातांकडे बघत राहिले.

असे हात मी आधी एकदा पाहिले होते. लग्न होऊन चार महिने झाले होते. हे तेव्हा डेपोत बस धुवायच्या कामावर होते. मला शिवण येत होतं, पण मशीन नव्हतं आणि घेण्याची ऐपतही नव्हती. ह्यांनी भंगारवाल्यांकडे फिरून एकाकडून मशीनचं डोकं आणलं, दुसऱ्याकडून चाक, तिसऱ्याकडून स्टँड. तीन वेगवेगळ्या मशीनांचे तुकडे, कशाचा कशाला मेळ नाही. स्टँडची भोकं डोक्याच्या भोकांशी जुळेनात, चाकाला पट्टा पुरेना. तीन रविवार हे जमिनीवर मांडी घालून बसले. घासलं, ठोकलं, परत जाऊन पट्टा बदलून आणला. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी चाक फिरवलं आणि मला म्हणाले, "बस, बघ चालतंय का." त्या मशीनवर आमचं घर चाललं. हे पुढं लायसन काढून ड्रायव्हर झाले ते त्याच मशीनच्या जिवावर, असं हे चारचौघांत सांगतात. मशीन कुणी उभं केलं ते मात्र सांगत नाहीत. आणि मीही कधी तोंड भरून आभार मानले नव्हते. त्या दुकानात बसून ते मला फार लागलं.

आखूड कार्ड आलं. टेप लावली, सात इंच. आत शिरलं आणि पुढं हवा खेळायला जागाही उरली. मुलीनं पडद्यावर बसचा खेळ चालवून दाखवला, मला सगळं बांधून दिलं आणि जॅकेट चढवताना खिशात हात घालून थबकली. "अय्या, काकू!" एवढंच म्हणाली. दुरुस्ती कधीही लागली तर फोन करा, असं तीनदा बजावलं.

घरी आले तेव्हा हे खिडकीला पाठ करून बसलेले होतेच. मी पेटी खिडकीजवळच्या माझ्या टेबलाखाली ठेवली, पडदा वर ठेवला, पलंगाखाली वाकून खोकं बाहेर ओढलं. ह्यांनी एकदा वळून पाहिलं आणि परत पाठ केली. सगळ्या वायरी मुलीनं चिठ्ठ्या लावून दिल्या होत्या तशा जोडल्या आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळा तो काळाच.

मी दोनदा बंद करून चालू केलं, मग मुलीला फोन लावला आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"रस्त्यात हादरे बसले असतील," ती म्हणाली. "घाबरू नका. वीज बंद करा, वायर काढा, रॅमची पट्टी काढून परत बसवा. दोन्ही टोकांना नीट दाबायचं, टक असा आवाज येतो."

मी गुडघ्यांवर बसून पट्टी काढली, खाच बघून परत ठेवली आणि दाबली. माझे अंगठे आता पूर्वीचे राहिले नाहीत, थंडीत कात्रीसुद्धा दुखवते त्यांना. जीव खाऊन दाबलं.

"नाही बसली," मागून आवाज आला.

"काय?"

"एका बाजूचा आवाज आला. दुसऱ्या बाजूचा नाही आला."

मी वळून पाहिलं. ह्यांची अजून पाठच होती, पण मान तिरकी झालेली. बस ऐकताना करायचे तशी. मग खुर्चीचे पाय जमिनीवर घासले. हे काठी टेकत आले आणि म्हणाले, "सरक."

मी सरकले. ह्यांनी पट्टी काढली, उजेडात धरून फुंकर मारली, बोटानं खाच चाचपली आणि जागेवर ठेवून एक टोक दाबलं. टक. मग दुसरं. टक. "हां," म्हणाले, आणि वायर लावून बटणही स्वतःच दाबलं. पडदा उजळला. फोनवरून ती मुलगी ओरडली, "आलं का?" मी "आलं गं बाई" म्हणाले आणि मला रडूच फुटलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते स्टिअरिंग टेबलाला आवळत होते.

"क्लच नाही याला," पेडल बघून म्हणाले. "ही कसली गाडी?"

"तुमच्या कंडक्टरनं मुद्दाम तसं शोधून आणलंय. दुकानदार तीन पेडलवालं दाखवत होता, तर हा दोनाचंच हवं म्हणून अडून बसला. मला निरोपाच्या दिवशी दारात सांगितलं त्यानं."

ह्यांनी उजवा पाय पेडलवर ठेवला, काढला, परत ठेवला. "मला बोलला नाही कधी."

"तुम्ही खोकं उघडलंत कुठं?"

मला वाटलं, आता भांडायला सुरुवात करतील. पण ह्यांनी स्वतःच्या बनियनकडे पाहिलं. "शर्ट दे. गाडीवर असं बसत नसतात."

वर्दीचा शर्ट कपाटात इस्त्री करून ठेवला होता. आजारात हे वाळले, म्हणून मागेच मी तो दोन्ही बाजूंनी आत घेतला होता. कुणी घालणार नव्हतं, तरी घेतला होता. ह्यांनी गळ्यापर्यंत बटणं लावली. शर्ट अंगावर बरोबर बसला.

"बारीक केलास?"

"आत घेतलाय. कापलं काही नाही. अंग धरलंत की उसवून देते."

ह्यांनी मान हलवली. आरसा पाहिला, इंडिकेटर दिला आणि बस काढली. कुठल्या तरी अनोळखी गावाचा रस्ता होता. पहिला स्टॉप आला. रेषेला रेष लावून गाडी थांबली, दार उघडलं, खेळातली तीन माणसं चढली. हे काही निघेनात.

"चढले की सगळे," मी म्हणाले.

"थांब. मागून कुणीतरी धावत येतं नेहमी."

ती मीच असायची. तयार कपड्यांचं गाठोडं घेऊन, धापा टाकत. कंडक्टर घंटी देत राहायचा आणि हे ऐकूच न आल्यासारखं समोर बघत बसायचे. त्याबद्दलही मी कधी काही बोलले नव्हते.

मी मशीनपाशी गेले, माझं स्टूल उचललं आणि ह्यांच्या मागे डाव्या बाजूला ठेवून बसले.

"आले," मी म्हणाले. "तुम्ही दर वेळी थांबायचात हो."

ह्यांनी दार लावलं. गाडी निघाली. खिडकीखालून खरी बस गेली. हे पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "गिअर उशिरा टाकला."