अमावास्येचे लिफाफे

आमच्या गावच्या नगरपालिकेत टेंडरचे लिफाफे एक दिवस आधीच फोडले गेले, त्याला कारण अमावास्या. निदान सांगितलं तरी तसं.

बहात्तरचा दुष्काळ होता. माझा धाकटा भाऊ कानिफनाथ ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहायचा. रानात काम नाही, म्हणून त्यानं बैलगाड्यांनी गावचा कचरा उचलायचा ठेका धरायचं ठरवलं. ठेका मिळाला तर बैल दावणीला राहतील, नाहीतर बाजार दाखवावा लागेल, इतकं सरळ होतं. नोटिशीतल्या तारखेला बिचारा धुतलेली टोपी घालून लिफाफा घेऊन गेला, तर ठेका कालच अध्यक्षांच्या साडूला, सोनई गावच्या राधाकृष्णला देऊन झालेला. अमावास्येला शुभ काम नको म्हणून अध्यक्षांनी तारीख अलीकडं ओढली होती. कचऱ्याला कसला आलाय मुहूर्त, हे कुणी विचारलं नाही.

"दवंडी दिल्ती की," पालिकेतून उत्तर आलं. दिली होती खरी, पण ओढ्याच्या अलीकडंच.

आता माझी पंचाईत. पालिकेचे हेडक्लार्क म्हणजे आमचे हे, रंगनाथराव. आणि दवंडी फिरली त्याच दिवशी, दिवेलागणीला कानिफ आमच्याकडं जेवून गेलेला. मी दिवसभर पाण्याच्या रांगेत, माझ्या कानावर दवंडी आलीच नव्हती.

"दाजींना ठावं हुतं, आक्का," कानिफ म्हणाला. "आमटी वाढ म्हनले तुला, दोनदा. पर तारखेचं त्वांडातून न्हाई काढलं."

यांना विचारलं, तर म्हणाले, "मेव्हण्याला घरात बसवून सांगितलं असतं तर गाव काय म्हणालं असतं? ऑफिसातलं ऑफिसात."

"अन् राधाकृष्णला कसं कळलं?"

"दवंडी ऐकली असेल."

"सोनईत बसून?"

यावर यांना ठसकाच लागला. पाणी मीच दिलं.

कानिफ मुंबईला हायकोर्टात गेला. बैल छावणीत कसेबसे तगले. निकाल पुढच्या उन्हाळ्यात लागला: छापून जाहीर केलेली तारीख अशी दवंडीनं बदलता येत नाही, सगळ्यांना सारखी संधी मिळाली नाही, ठेका रद्द, टेंडर नव्यानं काढा.

मी वकीलसाहेबांना विचारलं, "पण मुद्दाम केलं की चुकून, ते काय म्हणालं कोर्ट?"

"बाई, रीत चुकली एवढं कोर्टाला पुरलं. कुणाच्या मनात काय होतं, ते पाहायची गरजच पडली नाही."

कोर्टाला नसेल पडली. कोर्टाला काही यांच्या ताटात रोज भाकरी वाढायची नव्हती.

नवं टेंडर निघालं. लिफाफे फोडायच्या दोन दिवस आधी यांनी सायकल काढली. आधी सोनईला राधाकृष्णकडं गेले, मग बाकीच्यांकडं, आणि सगळ्यात शेवटी ओढा ओलांडून कानिफच्या वस्तीवर. सगळ्यांना एकच वाक्य सांगून आले: "तारीख तीच आहे, बदललेली नाही." घामानं निथळत परतले. मला भरून आलं. पाण्याबरोबर गुळाचा खडा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या छबूबाईनं हाक मारली, "अगं, तुझा भाऊ पालिकेच्या पायरीवर बसलाय! टेंडर उद्या हाय ना?"

भाकरी बांधून मी तिकडं गेले. कानिफ लिफाफा मांडीवर घेऊन दाराकडं तोंड करून बसला होता.

"अरे, उद्या आहे ते."

"दाजी सोता आलते सांगायला. एवढ्या उन्हात, वस्तीपत्तुर. बदलली न्हाई म्हनले." तो हसला. "म्हंजी नक्की बदलली."

"नाही रे बाबा. उद्याच आहे. चल घरी."

"तुला कुनी सांगितलं?"

"यांनीच."

कानिफनं भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं धरली. एवढ्यात आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. आम्ही दोघांनी एकदमच दाराकडं पाहिलं.

मी पदर सावरला आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसले.