वावटळीची रेघ

आमच्या गावच्या लग्नात हल्ली मानाचा क्रम असा असतो: आधी ड्रोन, मग नवरदेव, मग आमदार आले तर आमदार. नवरीचा नंबर कितवा, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. ड्रोन वर गेला की भटजी मंगलाष्टकं थांबवतात, वऱ्हाडी माना वर करतात आणि ज्याच्याकडे घरातलंही कुणी बघत नाही असा माणूस आभाळाला आपण नीट दिसावं म्हणून टोपी सरळ करतो.

कारभारी नानांच्या लेकीच्या, आकांक्षाच्या लग्नात हा मानकरीच गायब झाला.

नाना म्हणजे माझे शेजारी. गावातली मोठी शेती त्यांची, आणि लहानसहान भांडणांचा निवाडाही त्यांच्याच ओसरीवर होतो. ड्रोन होता धम्मपालचा. धम्मपाल आमच्याच गावच्या बुद्धवाड्यातला. तालुक्याला, मंठ्याला, त्याचा आणि त्याची बायको साक्षी हिचा स्टुडिओ आहे. तो फोटो काढतो, ती कॉम्प्युटर शिकलेली असल्यामुळे ते बघण्यालायक करते. अख्ख्या तालुक्यात त्यांनी लग्नं केली होती, पण गावातल्या एवढ्या मोठ्या घरचं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं.

भर दुपारी, अक्षता पडायच्या वेळी, एक वावटळ आली. फार मोठी नाही. पत्रावळ्या उडाल्या, मांडवाचं एक कापड सुटलं, बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले. डोळे उघडले तेव्हा नवरा-नवरी जागेवर होते, ड्रोन नव्हता.

"मी बघितलंय," नानांचा पुतण्या भागवत दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मांडवामागं पत्र्याचा आडोसा केल्ता न्हाई का, बाया लुगडी बदलत होत्या तिथं? बराबर त्याच्यावर गेल्तं ह्याचं यंत्र. शूटिंग केलं, यंत्र लपवलं, आन आता म्हणतो हरवलं. चला ठाण्यात."

आमचं गाव ड्रोनच्या बाबतीत आधीच पोळलेलं. मागे एकदा रात्री ड्रोन फिरतात म्हणून आम्ही काठ्या घेऊन पहारा दिला होता आणि शेवटी एका विमानावर दगड मारले होते. त्यामुळे भागवतचं म्हणणं लोकांना लगेच पटलं. धम्मपाल पायरीखाली उभा होता. त्याचा चेहरा बघून मला कळलं की ड्रोन गेल्याचं दुःख त्यानं केव्हाच बाजूला ठेवलंय. आडोशाचा डाग एकदा लागला की तालुक्यात कुणी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. लग्नाचा फोटोवाला म्हणजे बायकांच्यात वावरणारा परका माणूस. त्याच्या नावावर सगळं चालतं.

"नाना, मी न्हाई नेलं तिकडं," तो म्हणाला. "मी मांडवाकडंच आणत होतो. ऐकतच नव्हतं."

"यंत्र ऐकत न्हाई व्हय?" भागवत म्हणाला. "बैल हाय का ते?"

तेव्हा साक्षी बोलली. "नाना, ड्रोननं काय केलं ते फोनमध्ये लिहिलेलं आहे. उडल्यापासून प्रत्येक क्षणाचं. ड्रोन कुठं होता, किती वर होता, कॅमेरा कुठं बघत होता. आणि ह्यांचा अंगठा रिमोटची कांडी कुठं दाबत होता, तेसुद्धा."

"अंगठा बी?" नाना म्हणाले.

"अंगठा बी."

नाना माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही भूगोल शिकवता. बसा तिच्याजवळ. काय दिसंल ते सांगा. ती त्याची बायको हाय, तुम्ही कुणाचेच न्हाईत." आयुष्यात माझ्याबद्दल इतकं अचूक कुणी बोललं नव्हतं.

साक्षीनं वायर लावून धम्मपालच्या फोनमधून फाइल लॅपटॉपवर घेतली. उघडली तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

"घ्या," भागवत म्हणाला. "चिनी भाषेत खोटं लिव्हलंय."

"ही अशीच असते, भाऊ. नेटवर चढवली की उलगडते."

नेट आमच्याकडे गोठ्यामागच्या कडुनिंबाखाली येतं. म्हणून बाज उचलून सगळी पंचायत निंबाखाली गेली. नंदाबाई, म्हणजे नवरीची आई, पाठवणीचं रडून सुजलेले डोळे पुसत चहा घेऊन आल्या आणि परत गेल्याच नाहीत.

पडद्यावर आमचं गाव आलं. मी रोज राहतो ते गाव, वरून. पत्रे, गोठे, नाला, नाल्यापलीकडची मोसंबी. मधोमध मांडवाची जागा आणि तिथून निघालेली एक लाल रेघ.

"हा आपला पत्रा का गं?" नंदाबाई म्हणाल्या. "एवढाच?"

साक्षीनं बटण दाबलं. रेघेवर एक ठिपका चालू लागला. मांडवावरून निघाला, मागं सरकला आणि सरळ आडोशावर गेला.

 भागवतनं नुसतं सगळ्यांकडे वळून बघितलं. धम्मपाल जमिनीकडे बघत होता. साक्षीचा हात बटणावरच राहिला. मला वाटलं, ती आता लॅपटॉप मिटणार. तिनं मिटला नाही.

"सर," ती म्हणाली, "कॅमेऱ्याचा कोन वाचा."

मी वाचला. कॅमेरा खाली बघतच नव्हता. सरळ समोर, आभाळ जमिनीला टेकतं तिकडे.

"आता कांड्या."

पडद्याच्या कोपऱ्यात दोन चौकोन होते, प्रत्येकात एक टिंब. ती टिंबं म्हणजे धम्मपालचे दोन अंगठे. उजवं टिंब पार पुढच्या कडेला चिकटलेलं होतं: मांडवाकडे चल, मांडवाकडे चल. डावं पार तळाला: उतर, उतर, उतर. आणि ठिपका मांडवापासून लांब चालला होता. उंचीचा आकडा वाढत होता.

"थांब," नाना म्हणाले. "ह्यो खाली म्हणतोय?"

"व्हय नाना," साक्षी म्हणाली.

"आन ते वर जातंय?"

"व्हय."

"मोटर वर न्हेत न्हवती?"

"न्हाई नाना. मोटर खाली यायला बघत होती."

"मंग कोण न्हेत होतं?"

आडोसा मागं पडला होता. त्यापुढं रेघ वळली. पुन्हा वळली. मग तिनं एक पूर्ण फेरा घेतला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. साक्षीनं नकाशा तिरका केला आणि ती रेघ जमिनीवरून उठून उभी राहिली. गावाच्या डोक्यावर एक लाल जिना, गोल गोल, पायरीवर पायरी, वर रुंद होत गेलेला. ठिपका आमच्या पाण्याच्या टाकीच्या वर गेला, मोबाइलच्या टॉवरच्या वर गेला, आणि धम्मपालचे अंगठे खालीच दाबलेले.

वावटळीची धूळ जेवढी, तेवढीच वावटळ, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. धूळ संपते तिथून पुढंही तापलेली हवा फिरत वर चढते, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. ती खरी असेल असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं. आम्ही खाली पत्रावळ्या गोळा करत असताना आमच्या डोक्यावर एवढं मोठं काहीतरी उभं होतं, आणि त्याला दुसऱ्या कुणी नाही, तर हरवलेल्या यंत्रानं मोजलं होतं.

नाना उठून उभे राहिले. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग निंबाच्या फांद्यांतून वर बघितलं. तिथं काही नव्हतं. तरी सगळे बघत राहिले.

"पण एवढं वर न्यायला," मी भूगोल आठवून म्हणालो, "वाऱ्याला काहीतरी धरायला पाहिजे. शीड असल्यासारखं. ड्रोनला काही लोंबत होतं का, धम्मपाल?"

धम्मपालनं चपलेनं माती उकरली.

"अरे, बोल की."

"कायतरी असंल," तो म्हणाला. "कसं सांगू, सर."

"मी सांगते," नंदाबाई म्हणाल्या. "उपरणं बांधल्तं. आहेराचं. ह्या भागवतनं."

आमच्याकडे लग्नात कुणाला आहेराशिवाय सोडत नाहीत. बँडवाला, आचारी, पाणी वाहणारा, सगळ्यांना उपरणं-टोपी. टोप्या वाटता वाटता भागवत ड्रोनपाशी आला आणि "ह्याचा बी मान करा" म्हणून त्यानं त्याच्या पोटाखाली उपरणं बांधून टाकलं. लोक हसले, फोटो निघाले; मी तेव्हा स्वयंपाकाकडे होतो, आणि बाकीचे ते विसरूनही गेले होते. धम्मपाल नको म्हणाला असता तर एवढ्या मोठ्या घरचा आहेर नाकारला असं झालं असतं. म्हणून त्यानं तसाच उडवला. आणि सकाळपासून गुन्हेगार ठरत असतानाही ही गोष्ट तो बोलला नाही, कारण आहेराला दोष देणं त्याला आडोशाच्या आळाहून अवघड वाटलं.

भागवत म्हणाला, "चेष्टेत बांधल्तं." मग तो कुणाकडेच न बघता चहाच्या कपबश्या गोळा करू लागला. हे काम त्याला मी याआधी कधी करताना बघितलं नव्हतं.

रेघेचं शेवटचं टोक नाल्यापलीकडं, झुंबरबाईंच्या मोसंबीवर होतं. तिथं संपर्क तुटला होता. आम्ही सगळे चालत निघालो. एवढी माणसं बघून झुंबरबाई घाबरल्या, मग म्हणाल्या, "ते व्हय? शेवटच्या ओळीत हाय. उपरणं बघून मला वाटलं, माझ्या ल्योकानं बुजगावणं बांधलं. लई बेस हाय. कालपास्नं एक पाखरू आलं न्हाई."

ड्रोन फांदीत अडकला होता. एक पातं मोडलेलं, पोटाखाली केशरी उपरणं शाबूत. साक्षीनं त्यातलं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि आम्ही मोसंबीच्या सावलीत डोक्याला डोकी लावून बसलो.

चित्रणात आडोसा कुठंच नव्हता. आधी क्षितिज हललं. मग जमीन फिरायला लागली: वाटूरचा रस्ता, नाला, पुन्हा रस्ता, पुन्हा नाला. काळ्या नांगरटी, मधेच हिरवा चौकोन, त्याच्यापलीकडं आणखी गावं, आणि त्यांच्याही पलीकडं आम्ही नाव न ऐकलेली. मग एक घार आली. तीही त्याच जिन्यानं चढत होती, पंख न हलवता. उपरणं घातलेल्या या नव्या पाहुण्याकडे तिनं मान वळवून नीट बघितलं आणि एक फेरा त्याच्या सोबतीनं घेतला.

"रोज जात असंल ती," नाना हळू म्हणाले. "आपल्या डोक्यावरनं. रोज."

नंदाबाई पडद्यावर बोट ठेवून आपला मांडव शोधत होत्या. तो सापडला तेव्हा एका बोटाखाली सगळं लग्न झाकलं गेलं. त्या पुन्हा रडल्या, पण वेगळ्या तऱ्हेनं.

नानांनी ड्रोनच्या पोटाखालची गाठ सोडली, उपरणं झटकलं, त्यातली मोसंबीची पानं काढली. मग ते धम्मपालसमोर जाऊन थांबले.

"धम्मपाल, काल सगळ्यांचा आहेर झाला. तुझा कुणी केला?"

"ड्रोनचा झाला की, नाना."

"तुझा न्हाई झाला. हे झुंबरबाईसमोर आन ह्या भागवतसमोर सांगतो, माझ्या घरच्या कार्याचा फोटोवाला तूच. पुढच्या बी." त्यांनी उपरणं दोन्ही हातांत धरून त्याच्या खांद्यांकडे नेलं.

मोसंबीच्या ओळींतून नुकताच धुळीचा एक लहानसा फेरा उठला होता. धम्मपालनं त्याच्याकडे बघितलं आणि अर्धं पाऊल मागं घेतलं.

"घरी चला, नाना, तिथं घाला," तो म्हणाला. "इथं नको. वारं सुटलंय."