फुंकर मोजणाऱ्याचं गाऱ्हाणं

मी एक जुना स्पायरोमीटर आहे. म्हणजे माणसाच्या फुंकरीवरून त्याच्या फुप्फुसांची ताकद मोजणारं यंत्र. मित्रांनो, आज मला जरा भांडायचंच आहे.

माझं आयुष्य रुग्णालयातल्या एका छातीच्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर गेलं. काम साधं: छातीभर श्वास घ्या आणि नळीत जोरात सोडा. पण लोक काय फुंकायचे! कोणी गरम चहावर फुंकल्यासारखं, कोणी नुसते गाल फुगवून. एकाने तर उलटं ओढलं! बाईंचा ओरडून घसा बसायचा, आणि आकडा कमी आला की बोल मला.

एकदा दगडाला पॉलिश करणारे एक काका आले. आकडा हवा त्याच्या निम्म्याहून कमी. त्याच आठवड्यात त्याच कारखान्यातले आणखी तिघे तसेच. विभागाचे मोठे डॉक्टर म्हणाले, "विड्या ओढत असतील. नाहीतर यंत्र बिघडलंय."

"साहेब, जन्मात विडीला हात लावला नाही," काका म्हणाले. साहेब तोवर निघूनही गेले होते.

बाईंनी मात्र मोजून तीन लिटर हवा माझ्यात सोडली. मी बरोबर तीन दाखवले. "याचं डोकं ठिकाणावर आहे," त्या म्हणाल्या आणि मला पिशवीत घालून थेट कारखान्यात गेल्या.

सहा वर्षं! दरवर्षी त्या पांढऱ्या धुळीत जाऊन आम्ही दोनशे कामगारांच्या फुंकरी मोजल्या. मालक म्हणायचा, "बाई, धूळ कुठं नसते?" बाईंचा शोधनिबंध दोनदा साभार परत आला. तिसऱ्यांदा छापून आला, तेव्हा कुठे सरकारी तपासनीस हलले आणि दगडावर पाण्याची धार सोडून धूळ बसवायची सोय झाली. एवढ्याशा पाण्यासाठी सहा वर्षं!

काका बरे झाले नाहीत. दगडाची धूळ एकदा आत बसली की निघत नाही. नंतर दोन वर्षांनी ते सुनेला घेऊन आले. पाणी सुरू झाल्यावर ती तिथेच कामाला लागली होती. "माझं राहू द्या, बाई. हिचं बघा." तिचा आकडा पुरेपूर भरला. काकांनी तो दोनदा वाचून घेतला आणि खोकत खोकत हसले.

आता मी कपाटावर फायलींखाली धूळ खात पडलोय. हसू नका. राग मला त्याचा नाही, बाईंचा आहे. गावाच्या छात्या तपासणारी ही बाई स्वतः दोन महिने खोकत होती, आणि कोणी विचारलं की म्हणायची, "वेळ कुठाय?" परवा विभागातल्या सिस्टरने दार लावलं. "बसा. आधी तुम्ही." बाईंनी नळी तोंडात धरली. नव्या यंत्रावर आकडा कमी आला, पण दुखणं वेळेत कळलं. बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये लपवला. सिस्टरने तो काढला आणि त्यांच्या लेकीला फोनवर वाचून दाखवला.

मित्रांनो, तुमच्या घरातलंही कोणी "काही नाही, हवा बदललीय" म्हणत आठवडेच्या आठवडे खोकत असेल. त्यांच्याशी वाद घालू नका. चपला पुढ्यात ठेवा आणि हाताला धरून तपासायला न्या.