मापाची बांगडी

पाच वर्षांच्या सुभद्रीच्या परकराच्या ओच्यातून हिरवी बांगडी पडली. "वहाबभाईच्या दुकानातून उचलली," पोरीनं कबूल केलं. तिच्या मायनं, पंचफुलानं, हात उगारला. पण लेकीनं आपल्यासाठीच चोरली असेल, या विचारानं तो खाली आला. तिनं बांगडी चढवून पाहिली. निंदणानं राठ झालेल्या हाताच्या अंगठ्यापाशीच ती अडकली.

"तुले नाही होत, माय. मोठ्या मायसाठी हाये."

मोठी माय म्हणजे थोरली जाऊ. नाजूक मनगटाची! पंचफुला रानात राबायची, तेव्हा तिच्या पोरीला मांडीवर घेऊन बसणारी! पंचफुलाच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीच्या गालावर पाचही बोटं उमटली.

पोरीला घेऊन ती बांगडी परत करायला गेली, तेव्हा तो गाल पाहून वहाबभाई कळवळला. "बाई, एवढ्याशा चोरीपायी लेकराले कोणी असं मारते का?"

पंचफुलानं बांगडी त्याच्यापुढं ठेवली. चोरीपायी तिनं मारलंच कुठं होतं?